न बघणाऱ्यांची पंगत

परत येऊन आठवडा झाला, तरी माझी मान अजून आखडलेलीच आहे. शेक देणाऱ्या मुलीने विचारलं, "कशाने झालं?" मी म्हटलं, "जेवायला गेले होते." तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही. चांगली मुलगी आहे.

माझा धंदा खाण्याचा, म्हणजे खरं तर न खाण्याचा आहे. खाण्याशी ज्यांचं वाकडं आलंय अशा माणसांवर बोलून बोलून उपचार करायचे, आणि त्यातला कोणता उपचार कुणाला लागू पडतो ते शोधायचं, हे मी पुण्यात बसून करते. साधं प्रकरण असेल तर पुस्तकात उत्तर सापडतं. गुंतागुंतीचं असेल, म्हणजे उपाशी राहणं, मध्येच एकदम भरमसाट खाणं, मग त्याची मेल्याहून मेल्यासारखी लाज, आणि या सगळ्याच्या बुडाशी जुनी भीती आणि उदास मन, तर पुस्तकं एकमेकांकडे बोट दाखवतात. त्यातून अशी बरीच माणसं उपचार अर्ध्यावर टाकून निघून जातात. ती का गेली, हे आम्ही राहिलेल्यांना विचारतो. लग्नाला न आलेल्यांची तक्रार काय होती, हे पंगतीत बसलेल्यांना विचारण्यासारखंच झालं.

म्हणून मी उठले आणि गेलेल्यांच्या गावाला जायचं ठरवलं. पहिलं गाव म्हणजे पोलादपूर तालुक्यात, कुडपणच्या वाटेवरची एक वाडी. वाडीचं नाव सांगत नाही, मुलीचंही नाव बदललंय. तिला सुवर्णा म्हणू. लिहिण्याला तिची परवानगी आहे. "लिवा, पण मला बिचारी करू नका," एवढीच तिची अट होती.

महाड

महाडला माझी कॉलेजातली मैत्रीण दवाखाना चालवते. सुवर्णाला पुण्याला आमच्याकडे पाठवलं होतं ते हिनेच. मी उतरल्या उतरल्या तिने मला सांगून टाकलं, "तुझे ते आजार आमच्याकडे नाहीत हं. इथे आम्लपित्त असतं."

सकाळभर तिच्या शेजारी बसून मी आम्लपित्त पाहिलं. एका बाईला "अन्न जातच नाही", एकीला "गेलं की राहत नाही", आणि एका कॉलेजच्या पोराला आरशात बघितलं की पोट दुखायचं. मैत्रीण प्रत्येकाला एक गुलाबी औषध देत होती. मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "बघू नकोस अशी. मला आणखी तासभर दिलास तर मीही प्रत्येकाशी बोलेन."

दुपारी तिच्या घरी वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी. मी मूळची सोलापूरची. आमची कडक भाकरी आपटली तर आवाज येतो आणि महिनाभर टिकते. ही तांदळाची भाकरी इतकी मऊ की उचलली की हातातून घरंगळते. आमच्याकडे पाहुण्याला आग्रह करतात, "घ्या हो, घ्या हो," आणि पाहुणा नको नको म्हणतो, असा दोन्हीकडून खेळ चालतो. इथे तसलं काही नाही. विचारत नाहीत, वाढतात. मी ताटावर हात आडवा धरला, तर हातावर बिरडं पडलं.

जेवणानंतर मैत्रिणीने मस्करी बाजूला ठेवली. "सुवर्णाचे रक्ताचे रिपोर्ट वाईट आलेत. शरीरातले क्षार उतरलेत, छातीचे ठोके चुकतात. तिला परत दाखल व्हायला पाहिजे, आणि लवकर. मी सांगितलं, तिच्या काकांनी सांगितलं. ती नाही म्हणते. उचलून नेता येईल, पण उचलून नेलेलं माणूस पहिल्या संधीला पळतं. तूच म्हणतेस ना?"

मीच म्हणते. मी आले होते संशोधन करायला, आणि आता माझ्या पिशवीत एका मुलीचा जीव आला. मला हे आवडलं नाही, सरळ सांगते. पळून जावंसं वाटलं. पण वाडीवर फोन आधीच झाला होता.

तो फोन इथेच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ त्याच्यातून झाला. सुवर्णाचे वडील नाहीत. घरात ती आणि आई. व्यवहार सगळा चुलत्यांकडे, धोंडूकाकांकडे. ते वाडीच्या गावकीचे अध्यक्षही आहेत. मी काकांना फोनवर म्हटलं होतं, "आमच्या उपचारात एक जेवण घरातल्या सगळ्यांनी रुग्णाबरोबर बसून करायचं असतं. सुवर्णाची हरकत नसेल तर मी येईन त्या दिवशी तसं बसू. तिच्या ताटाकडे कुणी बघायचं नाही. जेवणावर कुणी बोलायचं नाही. इतर गप्पा मारायच्या. आणि हे सगळं आपल्यात राहू द्या."

काका म्हणाले, "काय काळजी करू नका मॅडम. घरातली सगळी बसतील."

पोलादपूर

पोलादपूरच्या नाक्यावर एक रस्ता मुंबईला, एक गोव्याला आणि एक महाबळेश्वरला जातो, आणि मधोमध उभं राहून माणसं भजी खातात. वर वाडीकडे जाणारी जीप भरल्याशिवाय सुटत नाही. मी पुढे बसले. ड्रायव्हरने आरशातून मला नीट पाहून घेतलं.

"तुमी न जेवणाऱ्या पोरीच्या मॅडम ना?"

मी म्हटलं, "कोण पोरगी? मी सहज फिरायला चाललेय."

"बरोबर," ड्रायव्हर म्हणाला, "गुपित हाय ना ते. काकांनी सांगितलंय सगळ्यांना, कोणाला सांगायचं नाय म्हणून."

मागच्या सीटवरून एका बाईने पुढे वाकून मला दिलासा दिला, "आमी कोण काय बोलत नाय हो ताई. खालच्या वाडीतल्यांना पण बोलू नका म्हणून सांगितलंय."

जीपने आंबेनळीच्या रस्त्यावरून फाटा घेतला आणि चढायला लागली. मला घाटाचं वर्णन जमत नाही. माझे डोळे मिटलेले होते. एकदा उघडले तेव्हा एका बाजूला डोंगर होता आणि दुसऱ्या बाजूला काहीच नव्हतं, म्हणून पुन्हा मिटले. ड्रायव्हर एका हाताने गाडी चालवत दुसऱ्या हाताने मला दाखवत होता की मागच्या वर्षी दरड कुठे आली होती. वर पठारावर आल्यावर मात्र सगळं एकदम मोकळं झालं. कापणी झालेल्या नाचणीची शेतं, पलीकडे घाटाच्या निळ्या भिंती, आणि अशी शांतता की कानाला दडे बसलेत असं वाटलं. मग लाऊडस्पीकर ऐकू आला.

वाडीवर

वाडीच्या तोंडाशी फ्लेक्स होता. "एका मुलीसाठी मानसोपचार स्नेहभोजन सोहळा. सहर्ष स्वागत." खाली वाडीच्या मुंबईकर मंडळाच्या पदाधिकाऱ्यांचे गोल गोल फोटो, आणि मधोमध माझा, सगळ्यांहून मोठा. तो त्यांनी माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवरून घेतला होता. त्यात मी तोंडात मक्याचं कणीस धरून हसते आहे.

धोंडूकाका पांढऱ्या टोपीत पुढे आले. ठेंगणे, टणक, आवाज खणखणीत. मी फ्लेक्सकडे बोट दाखवलं.

"नाव नाय टाकलं मॅडम," काका अभिमानाने म्हणाले. "तुमी म्हणालात आपल्यात ठेवा. 'एका मुलीसाठी' एवढंच लिवलं."

"काका, मी घरातल्यांना बसवा म्हटलं होतं!"

"घरातलीच हायत."

मांडवात पाहिलं तर शंभरेक माणसं तरी असतील. मी म्हटलं, "ही सगळी घरातली?"

काका मला लहान मुलीला समजावतात तसं समजावू लागले. "ज्याचं सुतक आपल्याला लागतं तो घरातला. ही सगळी भावकी. एक मेला तं सगळी दहा दिवस देव बंद ठेवतात. मंग एक जेवत नसंल तं बाकीच्यांनी काय करायचं?" शिवाय विषय गावकीत मांडला होता, मुंबईत मंडळाच्या मीटिंगमध्येही मांडला होता, आणि दोन्हीकडे एकमताने मंजूर झाला होता. म्हणतात ना, गाव करी ते राव न करी.

मी माझा ठेवणीतला आवाज काढला आणि सांगितलं, की हे ताबडतोब थांबवा, याने मुलीला अपाय होईल. काका म्हणाले, "भाताची भांडी चढली." त्यांच्या मते यावर आणखी काही बोलण्यासारखं नव्हतं.

सुवर्णा घराच्या मागच्या पडवीत बसली होती. सव्वीस वर्षांची, मुंबईत रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करणारी, आता रजेवर. भर दुपारी अंगात स्वेटर. मी तिची माफी मागितली. म्हटलं, तू म्हण, मी आत्ता हे सगळं बंद करायला लावते, मांडवाच्या दोऱ्या तोडते.

"राहू द्या मॅडम. नाय म्हटलं तं परत मीटिंग लागेल."

मी विचारलं, उपचार का सोडलेस? हेच विचारायला मी एवढा डोंगर डोळे मिटून चढून आले होते. ती नखाने पडवीचं सारवण खरवडायला लागली.

"तिथं जेवताना तुमची माणसं समोर बसायची. बघायची. आणि वर हसायची, अशी," तिने ओठ ताणून दाखवले. मी ते हसू ओळखलं. ते आम्ही प्रशिक्षणात शिकवतो. "इथं आये बघते, काका बघतात, शेजारीण भिंतीवरनं बघते. मला वाटतं, मी जेवत नाय, मी टीव्हीवर हाय."

तिची आई तेवढ्यात चहा घेऊन आली. सडपातळ बाई, बोलणं कमी. कप माझ्या हातात दिला आणि मुलीकडे न बघता मला विचारलं, "ताई, ती खाते ते खरं खाते काय? मला कळतच नाय." सुवर्णा उठून आत गेली.

पंगत

लाऊडस्पीकरवर काकांनी नियम वाचून दाखवले. माझेच होते ते, पण गावकीच्या हातात पडल्यावर त्यांना दात फुटले होते. सुवर्णाच्या पानाकडे जो बघेल त्याला एक नारळ दंड. जेवणाबद्दल जो बोलेल त्यालाही एक नारळ. वसूल झालेले नारळ देवाला. आणि सुवर्णाने पहिला घास घेतल्याशिवाय कुणी जेवायला सुरुवात करायची नाही.

हा शेवटचा नियम माझा नव्हता. तो मुंबईकर मंडळाचा होता. मंडळाचे सेक्रेटरी व्हिडिओ कॉलवर हजर होते. त्यांचा फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून पंगतीत एका पाटावर बसवला होता, त्याच्यापुढे पत्रावळही मांडली होती. नियम त्यांनाही लागू असल्यामुळे फोनचं तोंड वर, मांडवाच्या कापडाकडे केलं होतं.

भात वाढला, वाटाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, पापड, बुंदी. सुवर्णा तिच्या घराकडच्या टोकाला बसली, पाठीमागे मांडवाची कनात. मी पंगतीत समोर. आणि मग सगळी भावकी एकदम माना वर करून मांडवाकडे बघायला लागली. म्हाताऱ्या, पोरं, बाप्ये, सगळी. मीही मान वर केली. नारळाचं काही नाही, पण नियम माझा होता.

आता पंचाईत अशी झाली, की सुवर्णाने घास घेतला की सुरुवात करायची. पण तिने घेतला का, हे बघायचं नाही. आम्ही बसून राहिलो. आमटीवर साय धरली. माझ्या शेजारच्या आजी हळूच पुटपुटल्या, "घेतला काय गो तिनं?" आणि पलीकडून आवाज आला, "आजी, नारळ!"

किती वेळ गेला असता सांगता येत नाही. कुठेतरी पापड मोडला. कुणाचा ते आजतागायत कळलेलं नाही. पण तो आवाज झाला मात्र, सगळी भावकी भातावर तुटून पडली, मान वर ठेवूनच. वर बघत आमटी-भात कालवणं काय असतं, ते एकदा करून बघा. माझा पहिला घास शेजारच्या आजींच्या पत्रावळीत गेला. तिथून पुढे मी त्यांचं जेवत होते आणि त्या माझं.

गप्पांचं काम एका निवृत्त एसटी कंडक्टरांकडे दिलं होतं. ते उभे राहून घंटी दिल्यासारखे खाकरले. "विषय, मोबाईलचा टॉवर. टॉवर आला तं रेंज येईल. रेंज आली तं पोरं सणाला चार दिवस जास्त राहतील. पोरं राहिली तं आया त्यांना खायला..." आणि थांबले. पण उशीर झाला होता. नारळ. मग त्यांनी शेतीचा विषय काढला, आणि वाटलंच होतं तसं नाचणीवरून भाकरीवर आले. आणखी एक. तिसऱ्या वेळी त्यांनी चंद्राचा विषय काढला आणि बराच वेळ सुखरूप राहिले.

वाढपी मुके झाले होते. एका काकांना मीठ हवं होतं. त्यांनी खुणेने चिमूट दाखवली, तर त्यांना बुंदी मिळाली. एकाला मिरची लागली, तो तिखट म्हणू शकत नव्हता, नुसता वर बघून रडत होता. आणि मध्येच भांडण लागलं.

"ह्यानं तिच्या पानाकडं बघितलं!"

"तुला कसं कळलं?"

"मी बघितलं ना तू बघताना."

"मंग तुझी नजर कुठं होती रे?"

दोघांना दंड झाला. सेक्रेटरींनी तांब्यापाशी बसून विचारलं, "हॅलो, काय चाललंय? मला नुस्तं कापड दिसतंय."

जेवणं उरकली. काकांनी माईक हातात घेतला, घसा साफ केला. "आता खाली बघायला हरकत नाय." शंभर माना एकदम कडकडल्या. सुवर्णाची पत्रावळ रिकामी होती. शीतही नव्हतं.

पंगतीत एक कुजबुज उठली आणि काकांचा चेहरा फुलला. मग त्यांना आठवलं की आपण अध्यक्ष आहोत. "ती जेवली, असं कोण सांगेल? मुंबईला कळवायचंय. कोणी बघितलं?"

बघितलं म्हणेल त्याला नारळ होता, पण खरी गोष्ट ही, की कुणी बघितलंच नव्हतं. तिच्याच घरची एवढी माणसं तिच्याबरोबर बसून जेवली होती आणि एकालाही ठाऊक नव्हतं.

"मॅडम, तुमी डॉक्टर. तुमी सांगा."

"मीही नाही बघितलं," मी म्हटलं.

"मंग आता काय करायचं?"

तेव्हा सुवर्णा उठली. उठताना तिने मांडवाचा बांबू धरला. माईक काकांच्या हातात होता, तिने तो मागितला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"दोन घास खाल्ले मी. बाकीचं कनातीखालनं कुत्र्याला सारलं."

कनातीच्या मागे, खरंच, एक पिवळं कुत्रं ढेकर दिल्यासारखं बसलं होतं. कुणी हसलं नाही.

"मी रोज असंच करते," ती म्हणाली. "घरात पण, पुण्यात पण. ह्या मॅडमना पण फसवलंय. बघणाऱ्याला फसवायला सोपं असतं. तो बघत असतो ना, त्याला दाखवायचं फक्त. आज कोणच बघत नव्हतं. मी कुत्र्याला घालत होते आणि मला कळंना मी कोणाला फसवतेय."

काकांच्या हातातला माईक शिट्टी वाजवायला लागला. त्यांनी तो बंद केला. मला एवढ्या वर्षांत उपचाराच्या खोलीत जे ऐकायला मिळालं नव्हतं, ते मी आमटीने बरबटलेल्या हातांनी तिथे ऐकलं, आणि मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. खाल्लं की नाही, हे आम्ही इतकं मोजत बसतो. ती कधी खरं सांगेल, हे कुणी विचारत नाही. दोन घास हे तिने स्वतःहून सांगितलेले पहिले खरे घास होते.

"मॅडम, मी येते पुण्याला," सुवर्णा म्हणाली. "उद्या जाऊ. पण समोर बसून ते हसायचं नाय कोणी."

"नाही हसणार," मी म्हटलं.

काका आता सावरले होते. त्यांनी लगेच ठराव मांडला. "भावकीतनं कोण कोण जाणार? दोन जीपा पुरतील काय?" मागून हात वर व्हायला लागले. कंडक्टर तर पिशवी आणायलाच उठले.

"कोण नको," सुवर्णा म्हणाली.

हात खाली आले. तिची आई वाढपाच्या पातेल्यापाशी उभी होती. एवढ्या गडबडीत ती पंगतीला बसलीच नव्हती, आणि कुणी तिला विचारलंही नव्हतं. पुण्याच्या उपचारात आईला बोलवायचं म्हटलं की सुवर्णा दर वेळी नको म्हणायची. आईने पळी पातेल्यात ठेवली, हात पदराला पुसले.

"मी येऊ?"

सुवर्णाने तिच्याकडे बघितलं. मग होकाराची मान हलवली.

आई घाबरली. इतक्या वेळा नको म्हटल्यावर हो आलं, तर तिला ते कुठे ठेवावं कळेना. "पण मी तिथं काय करू गो? मला तं फक्त वाढायला येतं."

"वाढू नको," सुवर्णा म्हणाली. "नुसती बस माझ्या बाजूला."